आधी समोरच्याचं म्हणणं

मंगळवार, ९ तारीख

प्रिय दादा,

तब्येत बरी असेल आणि जेवण वेळेवर होत असेल, असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या मित्राच्या हाती देतेय. तुझ्या हातात ठेवल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच आहे.

आधी माझी बातमी. कॉलेजच्या वादविवाद मंडळाचा आमचा संघ उपांत्य फेरीत हरला. तुला वाटेल, तुझा हा भोंगा हरला म्हणजे घर डोक्यावर घेतलं असेल. नाही घेतलं. समोरच्या मुली खरंच चांगल्या बोलल्या आणि मी त्यांना जाऊन तसं सांगितलंसुद्धा. हस, हस.

हे सगळं मंडळाच्या बाईंमुळे. आम्ही त्यांना टाचणी म्हणतो, कारण कुणी फुगलं की त्या लगेच टोचतात. त्यांचा एक नियम आहे. स्वतःचं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, आणि ते असं मांडायचं, की त्याने मान हलवून 'हो, हेच' म्हटलं पाहिजे. तो म्हणेपर्यंत आपली वेळ सुरूच होत नाही. पहिले कित्येक आठवडे माझी वेळ सुरू झालीच नाही. मी समोरच्याचं असं मांडायचे, की तो बावळटच वाटावा. बाई म्हणायच्या, "हे त्याचं नाही, तुझ्या सोयीचं आहे. परत." आता जमतं. दुसऱ्याचं बोलणं मी मध्येच तोडत नाही. आई म्हणते, एवढं एक काम त्या मंडळाने फार चांगलं केलं.

घरी सराव करते तेव्हा बाबा घड्याळ धरतात. वेळ संपली की पेल्यावर चमचा वाजवतात. आपल्या कारखान्यातल्या काकांच्या अपघातानंतर बाबा घरात हसले असतील, तर तो चमचा वाजवतानाच.

मी नुसती घुटमळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. येते मुद्द्यावर.

शुक्रवारी अकराला काकांच्या अपघाताची सुनावणी आहे. तू जाणार नाहीयेस, लेखी दिलंय तेवढं पुरे म्हणालास, असं तुझ्या मित्राकडून कळलं. रविवारी जेवणं झाल्यावर बाबा मला म्हणाले, "तू बोलणारी आहेस. तिथे कसं बोलायचं ते मला शिकव." काय बोलायचं ते त्यांचं ठरलेलं होतं. कटिंग मशीनच्या पात्यापुढची संरक्षक जाळी काकांनी स्वतःच काढली, घाईत, मालकाला न विचारता. त्यांची दोन बोटं गेली याचं वाईट वाटतं, पण चूक त्यांची. आणि जाळी कितीतरी दिवस माळ्यावर पडून होती असं जे तू इन्स्पेक्टरला सांगितलंस, ते बापावरच्या रागातून.

खरं सांगू? मीही तेच धरून बसले होते. तुझं खरं मानलं तर कारखाना जाणार, आणि त्यापेक्षा तुला खोटं मानणं सोपं होतं. तुझ्यावर मी भयंकर चिडले होते. अजूनही थोडी आहे. बॅग भरून तू निघून गेलास आणि घरातली ती शांतता आमच्या गळ्यात मारून गेलास.

मी म्हटलं, "बाबा, आमच्या पद्धतीने करायचं तर आधी दादाचं म्हणणं."

"त्याचं कशाला? तो घेईल की मांडून."

"त्याला उत्तर द्यायचंय ना तुम्हाला? मग आधी ते पुरतं कळायला हवं."

त्यांनी पेला पुढे ओढला. "बोल."

मी खुर्चीमागे उभी राहिले आणि तू झाले. म्हटलं, जाळी लावली की प्रत्येक गठ्ठ्याला वेळ लागतो. ऑर्डरी तुंबल्या होत्या, म्हणून ती काढली गेली. काका पगारी माणूस. मालकाला चालत नसतं, तर त्यांनी तसं एक दिवसही काम केलं नसतं. मी जे पाहिलं ते सांगितलं. बाबांचं नाक कापायला नाही, काकांसाठी सांगितलं. आई ओले हात घेऊन दारात येऊन थांबली होती. मला वाटलं, आता चमचा माझ्याच अंगावर येणार. पण बाबा टेबलाकडे बघत होते.

मी विचारलं, "हेच ना त्याचं म्हणणं?"

"नाही," बाबा म्हणाले. "एक गाळलंस."

"काय?"

"आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता. जाळी बसवा बाबा, कुणाचा तरी हात जाईल. मी म्हटलं, एवढं काम निघू दे."

आई तिथेच खाली बसली.

दादा, हे तू इन्स्पेक्टरला सांगितलं नाहीस. आईला नाही, मला नाही. बाबांनी सगळ्यांसमोर तुला घरभेदी म्हटलं, तेव्हासुद्धा नाही. तू शुक्रवारी का येत नाहीयेस, ते आता मला कळलं. तिथे कुणी विचारलंच, तर तुला ते सांगावं लागेल. मंडळात एवढा मोठा मुद्दा कुणी असा राखून ठेवला असता तर टाचणीने त्याला फाडून खाल्लं असतं. मी मात्र नळ सोडून बाथरूममध्ये रडले.

काल वकिलाचा फोन दोनदा वाजून बंद झाला, बाबांनी उचलला नाही. आज सकाळी शर्टाची बटणं लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला लिही. शुक्रवारी ये म्हणावं."

"बाबा, तो तुमच्या बाजूने बोलणार नाही."

"माझ्या बाजूला कोण बस म्हणतंय? समोरच बस म्हणावं, काकांच्या शेजारी. मी आधी त्याचं म्हणणं मांडणार आहे. बरोबर मांडलं की नाही, ते सांगायला तो नको का तिथे?"

तिथे उभं राहिल्यावर त्यांची जीभ वळेल की नाही, मला ठाऊक नाही. वकील त्यांना उलटंच पढवतोय. कारखाना राहील की जाईल, तेही ठाऊक नाही.

पण तू ये. बाबा अडखळले तरी मध्ये बोलू नकोस, शेवटपर्यंत ऐक. आणि त्यांनी बरोबर मांडलं, तर मान हलव. तू हलवेपर्यंत त्यांची वेळ सुरू होणार नाही.

दाराकडे बघत बसलेली,
तुझी
भोंगा