कारवीचा मध

२१ ऑक्टोबर

नारळाचा मध नाही हा! तपासणीचा कागद दोनदा वाचला. बाटली देताना अंकुश म्हणाला होता, "केळव्याच्या नारळाच्या वाडीतल्या पेट्यांचा हाय." बोईसरच्या आमच्या लॅबमध्ये कमलाकांत सर वेगवेगळ्या फुलांच्या मधाचे नमुने जमवतायत, म्हणून नवऱ्याच्या पेट्यांचा मध मी हौसेनं नेला. तर त्यात क्षार भरपूर, आणि वासाच्या द्रव्यांचा आलेख सरांकडच्या कारवीच्या नमुन्याशी जुळतोय. सर खूश — "दीपाली, कारवी मिळाली की!"

केळव्याला कारवी कुठली? ती डोंगरात, यंदा आठ वर्षांनी फुललीय. पेटीतली माशी दोन-तीन किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे हा मध कड्यावरच्या आग्या मोहोळाचा. मध काढताना त्याच कड्यावरून माझे थोरले दीर महादूभाऊ पडले आणि गेले. त्यांच्या दिवसकार्याला अंकुशने चार माणसांत शब्द दिला होता — परत कड्यावर उतरणार नाही.

२२ ऑक्टोबर

विचारलं नाही. धीरच होत नाही.

२४ ऑक्टोबर

अंकुश पहाटेच घराबाहेर पडला. दिवसभर फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. एक फोन आला, अनोळखी नंबर — गॅसवाला निघाला!

संध्याकाळी विचारलंच. हसायला लागला. "तुज्या मशीनला कारवी ठावं हाय का? कदी डोंगर चढलीय ती?" मग म्हणाला, "उद्या दुसरी बाटली देतो. परत तपास, मंग बोल."

सासूला, म्हणजे आयला, सांगायची सोय नाही. एक मुलगा गमावलाय तिनं. हे ऐकून हाय खाईल.

२६ ऑक्टोबर

नवी बाटली तपासली. फिका रंग, क्षार कमी, कारवीचा मागमूस नाही. देवा, किती हलकं वाटलं! चहासुद्धा गोड लागला.

मग साखरेचा आकडा आला. ग्लुकोज भलतंच जास्त. बाटली हलवून पाहिली तर तळाला साखरेसारखे कण. वासाचा आलेख नारळाशी नाहीच, मोहरीशी जुळतो. आमच्याकडे मोहरीची शेतं कुणी पाहिलीत? बाजारातला मध ओतून आणलाय यानं! खोटं बोलला म्हणून राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली नुसती. थांबायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

२७ ऑक्टोबर

आमच्या पाड्यात कड्यावर उतरणाऱ्याचा दोर बायकोच्या भावानंच धरायचा. बहिणीच्या कुंकवासाठी तो हात सोडत नाही, असं मानतात. महादूभाऊंच्या वेळी त्यांचा मेहुणा गावाला गेला होता, दोर दुसऱ्यानं धरला.

म्हणून माझ्या भावाला, भिकाला, फोन केला. खूप भांडायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "कसला दोर? मी उंबरगावला कामाला हाय, होळीलाच येन घरी." खरंच बोलत असावा.

मग दोर कोण धरतं? की झाडालाच बांधून उतरतो हा? कुणालातरी सांगायलाच हवं, नाहीतर मला वेड लागेल.

२८ ऑक्टोबर

आयला सगळं सांगितलं. रडेल म्हणून पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसले होते. ती तांदूळ निवडत राहिली.

"म्हादूचा दोर परक्यानं धरला," ती म्हणाली. "याचा मी धरते. आयकत नाय तो, मंग काय करू?"

मग सूप बाजूला ठेवून तिनं माझे दंड चाचपले. "माजी ताकद आता पुरत नाय गं. उद्या तू पन ये."

मी हो म्हटलं.