आपल्या उमापूरची चेटकीण

शुक्रवार, संध्याकाळ

मालिकेतली चेटकीण आज पहिल्यांदा बोलली आणि माझं डोकंच फिरलं. म्हणे, "का आलास, राजपुत्रा?" शी! दुष्काळात सहकारी साखर कारखाना बंद पडला, तेव्हा कामावरून घरी बसलेले बाबा टँकरच्या रांगेत, हंड्यांशेजारी बसून मला या मालिकेची मूळ कादंबरी वाचून दाखवायचे. त्यांची चेटकीण विचारायची, "कावून आलास रे?"

तशीच बाबांना फोन लावला. "बघितलं का? तिची बोलीच बदलली!"

ते हसले. "पुस्तकात तसंच हाय, पोरी. तू भिशील, म्हणून मी तिला आपल्या उमापूरची केलती."

कावून आलास रे... इतकी वर्षं मला कळलं कसं नाही?

टीव्ही पुन्हा लावला. चाळिशीत पहिल्यांदाच त्या चेटकिणीची भीती वाटली, आणि शेजारी बाबा नाहीत.