टायगरचे दहा दिवस

३ फेब्रु.
आज पुन्हा तोच खेळ. दादाचे मित्र आले, चहा झाला आणि दादाने स्वतःच्या अकरा महिन्यांच्या मुलीवर हात उगारला. खोटाच. टायगर लगेच दोघांच्या मधे, दात बाहेर. मित्रांचे मोबाइल वर. "बॉडीगार्ड आहे आमचा! झेड सिक्युरिटी!" मग टायगरला बिस्किट. कुत्र्याची माया दाखवायला बापाने लेकीला मारायचं नाटक करायचं. एवढी अक्कल आमच्याच घरात. स्वरा दर वेळी दचकते. ते व्हिडिओत दिसत नाही.

५ फेब्रु.
वहिनीला म्हटलं, तू तरी थांबव. "वन्सं, तुम्हाला कशाची भीती वाटत नाही ते सांगा!" खरंय. गॅस बंद आहे का ते तीनदा बघणारी मी. पण एक व्हिडिओ मीच काढलाय. दादाने मोबाइल हातात दिला, नाही म्हणवलं नाही. वडिलांनी, आप्पांनी, शाळेत घालण्याआधी घरी पाटीवर शिकवलं, तेव्हापासूनचा नियम: दुसऱ्याची चूक सांगण्याआधी आपली सांगायची. म्हणून लिहिलं.

८ फेब्रु., रवि.
स्वराचं जावळ. चिरनेरहून वहिनीचा भाऊ आला. मामाच्या मांडीवर स्वरा, न्हाव्याने वस्तरा लावला. ती किंचाळली, मामाने डोकं दाबून धरलं. सगळे हसत होते. टायगर मोकळा. दादानेच सोडलेला, "फोटोत पाहिजे" म्हणून.
मामाच्या मनगटाला पाच टाके. स्वराला ओरखडाही नाही.
सगळी धावपळ चालू असताना टायगर दादासमोर बसून होता. बिस्किटाची वाट बघत.

९ फेब्रु.
परवापर्यंत बॉडीगार्ड, आज "पिसाळलेला". दादा लगेच कर्नाळ्याच्या पलीकडे सोडून यायला निघाला होता. डॉक्टरांनी अडवलं. खरंच पिसाळतो का ते कळायला दहा दिवस कुत्रा नजरेसमोर हवा. म्हणजे मामांच्या काळजीपोटी टायगरला दहा दिवस मिळाले, आमच्या लाजेपोटी नव्हे.
आई म्हणाली, "मुका जनावर त्यो. नाटक कंचा, खरा कंचा, त्याला काय ठाव?" घरातलं एकमेव शहाणं वाक्य. 

१३ फेब्रु.
टायगर मागच्या पडवीत, साखळीला. नीट खातो, पाणी पितो. दादाला म्हटलं, तूच शिकवलंस त्याला. "मी ॲक्टिंग करत होतो, यार! त्याला कळायला नको?" कुत्र्याला कळायला हवं. याला नको.
मामांची चौकशी करायला फोन केला. "ताई, माजा राग नाय. पन तुमचे दादा बोलले, त्यो पयल्यापासून पिसाट हाय." मी खरं सांगितलं? नाही. "हाताला जपा," एवढंच म्हटलं. दादाला नावं ठेवते, आणि मी कोण मोठी?

१८ फेब्रु.
दहा दिवस भरले. टायगर ठणठणीत. सकाळी त्याला सोडून यायला दादाने गाडीचं दार उघडलं, तर तो चढेना. मटणाचं हाड दाखवलं, तरी नाही. मग दादाला सुचलं. "तू स्वराला घेऊन मागे बस. ती दिसली की येईल मुकाट." पोरीवरची माया, तिचाच गळ. वहिनी भाजी निवडत राहिली. पाचला निघायचं.

साडेचारला मामांना फोन लावला. आधी माझा व्हिडिओ सांगितला, मग बाकीचं सगळं.  ते म्हणाले, "मी निंगतो. येईपरत पोरीला घेऊन गारीत बसू नका."
त्यांच्या मनात काय आहे, विचारायचं राहिलं.
दादा हॉर्न वाजवतोय. खोलीला आतून कडी घातलीय. स्वरा मांडीवर. मामा येईपर्यंत दार उघडणार नाही.