पायाळू माणसाची कंबर

८ नोव्हेंबर, शनिवार
कं. ०.
कं. म्हणजे कंबर, दहापैकी शून्य. मॅडमनी सांगितलंय, रोज आकडा लिहा आणि पुढं एक ओळ. एका ओळीत आवरणारा माणूस मी नव्हे.
आज महिन्याची खेप. दुसरा शनिवार, कॉलेजचं ऑफिस बंद. आईला सांगितलं, ऑफिसात जादा काम आहे. विजापूर रोडला जाऊन टेबलावर पालथा पडलो. मॅडम मणका चाचपतात, मग टेबलाचा एक तुकडा खट्कन खाली जातो आणि त्याच्याबरोबर आपण. मॅडम कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणके जागेवर बसवणाऱ्या; तो शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही.
विचारलं, आज काही दुखत नाही, मग आलो कशाला? म्हणाल्या, "दुखल्यावर येणारे पुष्कळ आहेत. तुमचं दुखणं उलटून उलटून येतं, म्हणून तुम्ही आधी यायचं. ते कायमचं जाईल असं मी म्हणत नाही. दुखायचे दिवस कमी व्हावेत, एवढंच." गेल्या वर्षी चारदा आडवा पडलो होतो, यंदा एकदा. म्हणजे उपयोग असावा. नसेलही.
शून्याचा दिवस मात्र वाईट. दुखतं तेव्हा निदान कळतं. दुखत नाही तेव्हा वाट बघायची. बादली उचलू का नको. शिंक आली, भिंत धर.

१६ नोव्हेंबर, रविवार
कं. १.
सकाळी साडेसहाला शेजारच्या पद्माअक्का आल्या, उसण भरली म्हणून. मी पायाळू, पायाकडून जन्मलेला. त्यामुळे गल्लीत कुणाची कंबर धरली की माझा डावा पाय. तीन सकाळी, माझा चहा व्हायच्या आत, कमरेला तीनदा टेकवायचा. त्या वेळात मी बोलायचं नाही. नियम आईचे. पैसे नाहीत, नारळसुद्धा नाही. ती सतरंजी अंथरते आणि दाराशी उभी राहते. मला नोकरी लागली तेव्हासुद्धा तिचा चेहरा एवढा फुलला नव्हता.
पद्माअक्का तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या, उठून म्हणाल्या, "हलकं वाटायलंय की." एका पायावर उभं राहून माझ्याच कमरेत चमक आली. बायको, वैशाली, आत तोंडाला पदर लावून हसली. माझ्या खेपा फक्त तिला माहीत.
आईला कसं सांगू? माझ्या वेळी दोन दिवस अडली होती ती. सुईणीनं आशा सोडली होती. "त्याच्या बदल्यात देवानं ह्याच्या पायात गुण घातला," असं येईल त्याला सांगते. तोच गुणाचा पाय दर महिन्याला विजापूर रोडला जातो म्हटल्यावर त्या दोन दिवसांचं तिच्याकडं काय राहिलं?

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कं. ५.
खालच्या कप्प्यातली जुनी हजेरीपत्रकं काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. रेकॉर्ड रूमचं दार लोटून जमिनीवर आडवा, पाय खुर्चीवर. मॅडमनी शिकवलेलं. वीस मिनिटं. प्राचार्य डोकावले. "काय शोधताय?" म्हटलं, फाईल.
घरी ताठ चालत आलो. आई म्हणाली, "आज लई ऐटीत चालतूस."

३० नोव्हें., रवि.
कं. २. तीन दिवसांत उतरलं. पूर्वी पंधरा लागायचे. बरं वाटायला हवं होतं. चिडचिडच झाली. वै.वर उगाच ओरडलो.

१३ डिसेंबर, शनिवार
कं. १. खेप.
टेबलावर घ्यायच्या आधी मॅडम दर वेळी चालायला लावतात. टाचांवर चार पावलं, चवड्यांवर चार. आज विचारलं, हे कशाला? "टाचेवर उभं राहता आलं नाही, पायातली चप्पल आपोआप निसटायला लागली, लघवी अडली, यातलं काहीही झालं तर माझ्याकडं यायचं नाही. थेट मोठ्या दवाखान्यात, त्याच दिवशी. तिथं माझं काम नाही."
हे मला आवडलं. स्वतःचं काम कुठं संपतं ते सांगणारा माणूस मी घरात तरी पाहिलेला नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार
कं. ०.
संध्याकाळी भरत आला. मामाचा मुलगा, उजनीच्या पाण्याकाठी केळी आहेत त्याची. पाण्यातली मोटर ओढून काढताना कमरेत लचक भरली, आठ दिवस झाले. टेंभुर्णीला इंजेक्शनं घेऊन झाली. "दिनूदादा, सुयांनी काय व्हईना. तुजा पाय लागला की मोकळा." आईनं भाचा आला म्हणून भाकऱ्या थापल्या. जेवणात सगळा विषय माझ्या पायाचा. मी खाली बघून जेवलो.

२० डिसें., शनि.
कं. ०. पहिला पाय. भरतला पालथं पडतानाच घाम फुटला होता.

२१ डिसें., रवि.
कं. १.
दुसरा पाय. त्याच्या आधी भरत मोरीतून आला तेव्हा डावं पाऊल फरशीवर थप्प थप्प आपटत होतं. म्हणाला, "दादा, चप्पल निसटतीया पायातनं. नवी हाय, सैल आसंल."
ऐकलं मी. नीट ऐकलं. आई दाराशी होती. मनात म्हटलं, पाय लावताना बोलायचं नसतं. तीनदा टेकवला. नंतर चहा झाला, मग बोलता आलं असतं. पेपर वाचत बसलो.

२२ डिसें., सोम.
तिसरा पाय. भरत एसटीनं गेला. आईनं पिशवीत शेंगाचटणी घातली. गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या चपलेचा आवाज येत होता.
कंबर बघितली नाही.

२३ डिसें., मंगळ.
ऑफिसात तीन दाखल्यांवर चुकीची तारीख घातली. दुपारी भरतला फोन केला. "बरं हाय, जरा बधिर झाल्यागत वाटतंय." कुठं, विचारलं. "मांडीला. आनी लगवीला जरा बसावं लागतंय." मी म्हटलं, बरं, जप. ठेवला. जप म्हणे! संध्याकाळी वै.ला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग अजून इथं काय करताय?"

२४ डिसें., बुध.
पहाटेच्या गाडीनं टेंभुर्णी, पुढं वडापची जीप. भरत ओट्यावर बसला होता. म्हटलं, टाचांवर चालून दाखव.
"आत्ता ह्ये काय?"
"चाल."
डाव्या पायाचा चवडा उचललाच नाही. तो स्वतःच खाली बघत राहिला. "उचलंना की रं."
मग सगळं सांगितलं. मॅडम, टेबल, महिन्याची खेप, टाचा, चप्पल. त्याची बायको दारातच उभी राहिली.
"म्हंजी तू सोता जातूस? तुज्या कंबरंसाठी?"
"व्हय."
"मग मला तवाच का न्हाय सांगितलंस, दादा?"
जीप सांगितली, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात आणला. दुपारी मणक्याचा फोटो निघाला. रात्रीच ऑपरेशन ठरलं.

२६ डिसें., शुक्र.
कं. ६. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून. बरं झालं, दुखू दे.
ऑपरेशन नीट झालं. अडलेली लघवी मोकळी झाली. पावलाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "कितपत येईल, आत्ता नाही सांगता येत. चार दिवस आधी आणायला हवं होतं."
चार नाही, तीन. रविवारी सकाळी मला कळलं होतं.

२ जानेवारी, शुक्रवार
कं. ३.
भरतला सोडलं, आठ दिवस आमच्याकडंच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगते, "दिनूचा पाय लागला म्हणून एवढ्यावर निभावलं." भरत पडल्या पडल्या ऐकतो आणि माझ्याकडं बघतो. आईला तो काही बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मी तरी कुठं बोललो? दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, पाणी पिऊन परत आलो.

६ जाने., मंगळ.
कं. २. भरतचा अंगठा किंचित हलला. किंवा आम्हाला तसं वाटलं. दिवसभर त्याच्या पायाकडंच बघत बसलो. तो शेवटी वैतागला. "दादा, तू हापिसात जा की."

१० जानेवारी, शनिवार
कं. १. खेपेचा दिवस, अकराची वेळ. आत्ता दहा वाजलेत. घाईत लिहितोय.
सकाळी पद्माअक्का पुन्हा आल्या. आईनं सतरंजी अंथरली. मी पाय न उचलता बोललो, "आधी टाचांवर चार पावलं चालून दाखवा."
आईनं डोळे वटारले. पाय लावायच्या वेळेला मी आजवर तोंड उघडलेलं नाही. पण लगेच तिनं ते नव्या नियमासारखं उचललं. अक्का लाजत होत्या, तर ही पुढं. "आवो आसं चालायचं, काय अवघड हाय त्यात," म्हणत भिंतीला हात लावून चार पावलं टाकली.
उजवा चवडा उचलला. डावा जमिनीवरच.
"झालं की," म्हणाली.
म्हटलं, आई, परत चाल. परत तेच. पद्माअक्का मात्र नीट चालल्या. त्यांना पाय लावला नाही, चहा दिला. आजवर असं झालं नव्हतं.
त्या गेल्यावर आईला विचारलं, चप्पल निसटते का? "म्हातारीची निसटायचीच." कमरेत दुखतं का? सतरंजीची घडी घालत म्हणाली, "दिवाळीपास्नं दुखतीया."
"मग बोलली का नाहीस?"
"काय बोलू? आईला पाय लावशील व्हय तू?"
एवढंच. आणि घडी कपाटात ठेवायला गेली. गावाला पुरणारा माझा पाय, तिलाच तेवढा चालत नव्हता. दिवाळीपासून ती ते एकटीनं सोसत होती आणि मी तिला चोरून टेबलावर पालथा पडत होतो. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.
मॅडमना फोन केला. त्यांनी दवाखान्याचंच सांगितलं, माझी खेप पुढं ढकलली. रिक्षा सांगितली आहे. आई चांगलं लुगडं नेसून ओट्यावर बसली आहे, गड्ड्यावर यात्रेची दुकानं लागलीत ना, मी तिकडं नेतोय अशी तिची समजूत. भरत आतून म्हणतो, "दादा, आत्ता तरी सांग."
तिनं दोनदा विचारलं, "कुटं जायचं म्हनलास?"
रिक्षाचा हॉर्न. वही ठेवतो. दारापर्यंत सात पावलं आहेत, तेवढ्यात तिला सगळं सांगायचं, सुरुवात कुठून