रिद्धीचे केस आणि माझी अर्धी मिशी

बदलापूर,
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप वेणूताईस,

धाकट्या मधूचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो, कंबरेत उसण भरली, म्हणून बाकीचं बसून लिहितोय.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस की खुंटीला टांगून ठेवलायस? भाताची झोडणी उरकली असेल. धरणाच्या बाजूला आता सकाळची चांगलीच थंडी पडत असेल, कानाला रुमाल बांधल्याशिवाय गोठ्यात जाऊ नकोस. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. तर फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, हे गेली पन्नास वर्षं चाललंय. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही. तुझा नातू नितीन वाचून दाखवेल. (नितीन, दमानं वाच आणि काही गाळू नकोस. आजी मध्ये बोलली तरी थांबू नकोस.)

विषय आमच्या भूपेशच्या लेकीचा, रिद्धीचा आहे. पोर आता पाच वर्षांची झाली. तिचं सगळंच तुला माहीत आहे. मिक्सर लावला की कानांवर हात ठेवून पलंगाखाली. मोज्याची शिवण बोटाला लागली की मोजा, बूट आणि शाळा, तिन्ही गेले. पण हीच मुलगी सोफ्यावरून दिवसातून चाळीस वेळा उडी मारते आणि भिंतीला जाऊन धडकते, त्याचं तिला काही नाही! सूनबाई, म्हणजे प्रगती, तिला दर शनिवारी अंबरनाथला पद्मजा मॅडमकडे नेते. त्या अशाच मुलांना शिकवतात, थेरपी करतात. त्या म्हणतात, आपल्याला जी कुजबुज वाटते ती हिच्या कानात ढोलासारखी वाजते, आणि आपल्याला जो कपडा मऊ लागतो तो हिला काट्यासारखा टोचतो. मला हे काही पटायचं नाही. एकतीस वर्षं मी कारखान्यात प्रेस मशीनच्या शेजारी उभा राहिलो, मला कसला आलाय आवाजाचा त्रास? मी सगळ्यांना सांगत होतो, हे निव्वळ नखरे आहेत, एकदा माझ्या ताब्यात द्या.

दिली नाही कुणी. मीच घेतली.

झालं असं की रिद्धी केसांना कंगवा लावू देत नव्हती. केस डोळ्यांवर आलेले, मागे नुसत्या गाठी. शाळेच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की केस नीट करूनच मुलीला पाठवावे. प्रगतीचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, आता आपणच. घरी सांगितलं की नातीला जरा फिरवून आणतो, आणि तिला घेऊन थेट उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात. बेत असा की आधी झकास फ्रॉक घ्यायचा, पोर खूश झाली की शेजारच्याच सलूनमध्ये बसवायची, आणि संध्याकाळी घरी जाऊन सगळ्यांची तोंडं बंद करायची.

फ्रॉक मी स्वतः निवडला. जाळी, टिकल्या, पाठीवर कबुतराएवढा बो. दुकानात तीन पंखे घरघरत होते, दोन मोबाईलवर दोन वेगळी गाणी लागली होती आणि दारात एक माणूस टाळ्या वाजवत गिऱ्हाइकं बोलावत होता. (हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा काही ऐकूच आलं नव्हतं.) मी तो फ्रॉक तिच्या डोक्यातून खाली ओढला आणि ताई, पोरीनं जी किंकाळी फोडली, तशी मी कारखान्यात माणसाचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हाच ऐकली होती. आणि मी काय केलं? रागावलो. तिचा दंड धरून म्हणालो, "गप! लोक बघतायत!" तिनं फ्रॉक ओरबाडून काढला, हात हिसकावला आणि नुसत्या शमीज-चड्डीवर गर्दीत दिसेनाशी झाली.

पुढची वीस मिनिटं माझ्या वैऱ्यावर येऊ नयेत. मी "रिद्धी, रिद्धी" ओरडत पळतोय. फ्रॉक हातातच राहिलेला, त्यामुळे दुकानाचा नोकर "अंकल, फ्रॉक!" म्हणत मागे पळतोय, आणि चोर पळाला असं समजून त्याच्यामागे आणखी सात-आठ जण. शेवटी एका गादी-रजईच्या दुकानापाशी सगळ्यांनी मला गाठलं. एकानं तर माझी कॉलरही धरली. तेवढ्यात दुकानाचा मालक खाली उतरला, धर्मेश म्हणून सिंधी माणूस आहे. म्हणाला, "साईं, छोडो. ये चोर नहीं है, किसी का दादा है. शकल देखो इसकी." मग मला आत बोलावून त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातल्या रजयांच्या ढिगाकडे दाखवलं. ढीग हळूहळू वर-खाली होत होता. एका कडेनं दोन डोळे दिसले.

"आबा, ओरडू नका," ढिगातून आवाज आला. "इथे छान आहे. इथे काही टोचत नाही."

ताई, मी तिथेच जमिनीवर बसलो. धर्मेशनं दुकानातला रेडिओ बंद केला, गिऱ्हाइकांना बाहेरूनच वाटेला लावलं आणि मला पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी पोर आपली आपण बाहेर आली, शांत, जशी काही दुपारची झोप काढून उठली. माझा हात धरला. मघाशी मी दंड आवळला होता ना, तिथे चार बोटं उमटली होती. ती बघून मला जे वाटलं ते लिहीत नाही.

एक जाड रजई घेऊनच घरी आलो आणि प्रगतीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता सून मला घराबाहेर काढते. तिनं रजई उलगडून रिद्धीच्या अंगावर घातली. मग म्हणाली, "आबा, अंगावर वजन आलं की तिला बरं वाटतं. मॅडम दोन महिने हेच सांगतायत." पुढच्या शनिवारी वही घेऊन मी स्वतः अंबरनाथला गेलो. पद्मजा मॅडमनी सांगितलं, रजई कधी तोंडावर घ्यायची नाही, आणि तिला हवं तेव्हा बाहेर पडता आलं पाहिजे. अचानक काही करायचं नाही, आधी सांगायचं. अवघड कामाच्या आधी तिला काहीतरी जड ढकलायला, उचलायला द्यायचं. आणि ती "बस" म्हणाली की बस. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

आता आमच्या घरात कायदा असा आहे की तुझ्या भावजयीला, भारतीला, चटणी वाटायची असेल तर रिद्धीची परवानगी लागते. पोर गच्चीच्या जिन्यात जाऊन बसते, तिथून "चालू!" म्हणून ओरडते, तेव्हा मिक्सर फिरतो. पिण्याच्या पाण्याचा कॅन दारापासून ओट्यापर्यंत तीच ढकलत नेते. मोजे उलटे घालते, शिवण बाहेर. दिसायचं ते दिसू दे, शाळेत तर जाते.

केसांसाठी आमच्या गल्लीतल्या बुधाजी न्हाव्याला घरी बोलावलं. मशीन आणायचं नाही, पाण्याचा फवारा नाही, नुसती कातरी. रिद्धी दहापर्यंत मोजणार, तेवढाच वेळ कातरी चालणार. उजवी बाजू झाली आणि ती म्हणाली, "बस." बुधाजी म्हणाला, "आता एवढंच तर राहिलंय, शेठ." माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. पण म्हटलं, "बस म्हणजे बस. उचल सामान." मग तिनं आरसा पाहिला. एक बाजू कानाच्या वर, दुसरी खांद्यावर. ओठ थरथरले. उद्या शाळेत सगळे हसतील, म्हणाली. तेव्हा मी बुधाजीला परत बसवलं आणि माझी अर्धी मिशी काढायला लावली. लग्नापासून ठेवलेली मिशी, ताई! बुधाजीचाच हात चालेना.

दोन दिवस मी तसाच हिंडलो. शाळेच्या दारात, बँकेत, दूध आणायला. रिद्धीकडे बघून कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना माझ्यातून सवडच नव्हती. तिसऱ्या दिवशी ती स्वतः म्हणाली, "बुधाजीकाकांना बोलवा, दुसरी बाजू करायची." आणि त्या दिवशी तिनं चाळीसपर्यंत मोजलं. (चौतीस दोनदा आलं, पण कुणी दाखवून दिलं नाही.)

सगळं सुरळीत झालंय असं नाही. परवाच कुकरच्या शिट्टीनं पलंगाखाली गेली. पण आता ती आपली आपण बाहेर येते, आणि येऊन काय झालं ते सांगते. मॅडम म्हणतात, हे फार मोठं आहे.

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांच्या पाठीवरून हात फिरवतो. गुडघ्याला जप.

तुझा,
मधू

ता. क. पत्र प्रगतीनं वाचलं. तिचं म्हणणं, आबांनी दहाच मिनिटं शोधलं, आधीची दहा मिनिटं ते दुकानदाराशी फ्रॉकच्या फाटलेल्या बोच्या पैशांवरून भांडत होते. आणि मिशीचं मला आपणहून सुचलं नव्हतं. रिद्धीनं मागितली, मी नाही म्हणालो, भारतीनं डोळे वटारले, मग दिली. असो.

ता. क. २. हे प्रगतीला दाखवलेलं नाही. गौरीला आम्ही तुझ्याकडे आलो होतो तेव्हा ढोलकी वाजली, रिद्धी ओरडली, आणि तू भरल्या घरात म्हणालीस, "आयशीनंच पोरीला लारावून ठेवलीय." मी शेजारीच होतो. मीही मान डोलावली, हो, लाडानंच बिघडलीय. प्रगती रिक्षात बदलापूर येईपर्यंत रडत होती. आता नितीनच्या हळदीची पत्रिका आलीय आणि ती म्हणते, तुम्ही सगळे जा, मी रिद्धीजवळ थांबते. मी तिची माफी मागितली. तू मागायलाच हवीस असं नाही, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू फक्त तिला फोन कर आणि विचार, "रिद्धीसाठी काय तयारी ठेवू?" एवढंच. (नितीन, तुझ्या डीजेचं काय करायचं ते तूच बघ. मागची खोली तेवढी मोकळी ठेव.)

ता. क. ३. काल झोपताना आठवलं. मी पहिलीत होतो, शाळेचा नवा सदरा टोचतो म्हणून अंगात घालत नव्हतो. बाबांनी छडी काढली. तू तो सदरा गुपचूप नदीवर नेलास आणि दगडावर घासघासून इतका मऊ केलास की मी तो फाटेपर्यंत घातला. तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस, आणि तुला कुठल्या मॅडमनी शिकवलं नव्हतं. प्रगतीला हे फोनवर तूच सांग.