रोहूच्या पोटातली सूज

दुसरबीड, १२ सप्टेंबर

चि. संजीवनीस अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगत नाही, इथे प्रत्येकाचा फोन स्पीकरवर असतो. शेततळ्यातले रोहू मरत आहेत. जुलैत एका सकाळी चाळीस गेले, तेव्हाच इंद्रभानच्या दुकानातलं खाद्य बंद केलं. तरी रोज पाच-सहा मरतात. म्हणजे तो आता पाण्यातच काही टाकतो. त्याच्या तळ्यातले मासे मात्र ठणठणीत. चुलतभाऊ असा निघावा! तुझ्या वहिनीचा भाऊ राम नागपूरला येतोय, त्याच्याकडे बर्फात चार मासे दिलेत. झाकणाच्या चिकटपट्टीवर माझी सही आहे, ती तपासूनच डबा उघड. तुझ्या प्रयोगशाळेत तपासून विष सापडलं की लगेच कळव, ठाण्यात तक्रार द्यायची आहे.

तुझ्या भरवशावरचा,
गजेंद्र

नागपूर, २० सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

सही शाबूत होती. विषाच्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. आतडी मात्र सुजून लाल झालीत आणि प्रथिनं पचवणारं विकर जवळजवळ बंद पडलंय. खातात, पण अंगी लागत नाही. त्यांना आता काय खायला घालतोस? तोवर तक्रार देऊ नकोस. माझ्या पाठवणीला इंद्रभानदादा तुझ्याइतकाच रडला होता.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
संजीवनी

दुसरबीड, २५ सप्टेंबर

चि. संजीवनीस आशीर्वाद.

तूही त्याचीच बाजू घेतलीस, वाईट वाटलं. घालतो घरचंच, शुद्ध. आपलं सोयाबीन दळून पीठ टाकतो. इंद्रभान मध्ये आला होता, सोयाबीन भाजून घाल म्हणाला. सत्त्व जाळून मासे उपाशी मारायचा डाव, म्हणून मुद्दाम कच्चंच ठेवलं. सोमवारी ठाण्यात जातोय.

गजेंद्र

नागपूर, २९ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

हे पत्र रामच्याच हाती पाठवतेय, सोमवारच्या आत मिळावं म्हणून. कच्च्या सोयाबीनमध्ये त्या विकराला अडवणारा घटक असतो, भाजलं की तो मोडतो. त्यानेच आतडी सुजली. जुलैतले चाळीस बहुधा सततच्या आभाळाने पाण्यातला प्राणवायू घटून गेले. दादा, तळ्यात कोणी काही टाकलं नाही, टाकलंस ते तू. रागावलास तरी चालेल, पण आधी त्याच्याकडे जा.

तुझी,
संजीवनी

दुसरबीड, २० ऑक्टोबर

चि. संजीवनीस अनेक आशीर्वाद.

पीठ त्याच दिवशी बंद केलं. गेल्या आठवड्यात एकही मासा मेला नाही. तक्रारीचा कागद फाडला, पण इंद्रभानकडे जायला काल धीर झाला.

सगळं कबूल केलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “मले मालूम होतं बे, तू बांधावरून जाताना मान फिरवून राह्यला होता.” मग स्वतः चहा करून आणला. मी कप हातात धरून बसलो, तो पहिला घोट घेईपर्यंत. सवय गं, दुसरं काही नाही. पण त्याने ते पाहिलं. माझा कप घेतला, एक घोट प्यायला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

तो उष्टा चहा मी संपवला. फार लाज वाटली.

दिवाळीला ये, आधी त्याच्याकडे उतर.

तुझा दादा,
गजेंद्र