शून्य ऊर्जेच्या इमारतीतून मामांना

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी सांगितलेला व्यायाम करता, की "करतो गं, करतो" म्हणत पुन्हा एखाद्या पंपाच्या जळक्या मोटारीवर वाकता? (उत्तर ठाऊक आहे, पण विचारायची पद्धत असते.) मी खुशाल आहे. आईला सविस्तर लिहिलं आहे, पण त्यात फक्त जेवण आणि हवामान आहे. खरं काय ते तुम्हाला लिहिते, कारण आपल्या सगळ्या गोतावळ्यात वायरीची भाषा तुम्हालाच कळते.

तर मी शाश्वत ऊर्जा शास्त्रात मास्टर्स करते आहे. "म्हणजे नक्की काय?" असं मी निघताना तुम्ही विचारलंत, तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता वर्ष झालं. आता तर मुळीच सांगता येणार नाही. आमचा विभाग ज्या इमारतीत आहे तिला 'शून्य ऊर्जा इमारत' म्हणतात. जेवढी वीज ती खाते तेवढी छपरावर स्वतःच तयार करते, वजाबाकी शून्य, म्हणून ते नाव. इथले दिवे माणसाची हालचाल बघून लागतात. त्यामुळे कुणी विचार करत स्तब्ध बसलं की अंधार. अभ्यासिकेत दर पाच मिनिटांनी वीस हुशार माणसं एकदम हात हलवतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बोट सुटली. आमच्या विभागप्रमुखांचं नाव माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना शून्यराव म्हणते. माणूस सज्जन. विमानाने कमी फिरा, हे सांगायला वर्षातून चौदा वेळा विमानाने जातात. माझे मार्गदर्शकही तेच.

इमारतीच्या दारात भलामोठा पडदा आहे. छपरावरच्या सोलर पॅनेलांनी आज किती वीज केली ते त्यावर हिरव्या आकड्यांत दिसतं. शून्यरावांचे अकरा शोधनिबंध या आकड्यांवर उभे आहेत आणि बारावा माझा प्रबंध त्यांच्या खांद्यावर चढत होता. गेल्या महिन्यात सलग तीन दिवस बर्फ पडला. पॅनेलांवर वीतभर थर, आणि पडदा म्हणतो, आज तीनशे बारा युनिट! मी शून्यरावांना विचारलं. ते म्हणाले, "बर्फ पांढरा असतो. प्रकाश परावर्तित करतो." मला पटलं. (शिकलेल्या माणसाची थाप पचायला हलकी असते.) जिन्याच्या अर्ध्यातून मात्र मी मागे फिरले, कारण बर्फ पॅनेलांच्या वर होता, समोर नव्हता.

मग मी इमारतीची देखभाल करणाऱ्या काकांना गाठलं. (इकडे कुणी कुणाला काका म्हणत नाही. तेवढीच काय ती इथली खरी काटकसर.) आम्ही दोघांनी छपरावरून केबल धरली आणि भिंतीच्या कडेकडेने मजले उतरत तळघरात आलो. तिथे मुख्य पॅनेलबोर्डाच्या बाजूला ती केबल छान वेटोळं घालून, टोकाला टेप गुंडाळून, खिळ्याला टांगलेली होती. चिठ्ठी होती: 'तात्पुरते.' तुम्ही दिलेला क्लॅम्प मीटर केबलभोवती लावून वीज वाहते का ते बघितलं. शून्य. इमारतीचं नाव निदान तिथे तरी खरं ठरलं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"उद्घाटनापासून. चार वर्षं झाली," काका शांतपणे म्हणाले. "एक स्विच यायचा होता, तो आला नाही. पाहुणे आले, म्हणून फीत कापली. मी तीनदा लिहून कळवलं. उत्तर आलं की, कागद वाचवा, ईमेल करा."

"आणि पडद्यावरचे आकडे?"

"ते मूळ आराखड्यातल्या अंदाजाचे. तारखेप्रमाणे आपोआप बदलतात."

मामा, बोलले तर मार्गदर्शक जातो, न बोलले तर मी कशाला आले? शेवटी शून्यरावांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. ते इतके निश्चल झाले की दिवे गेले. अंधारात आम्ही दोघांनी हात हलवले. उजेड आल्यावर ते म्हणाले, "जोडणी हा तपशील आहे. सादरीकरणात तपशील टाळायचे असतात."

माझ्या प्रबंधाच्या सादरीकरणाला बाहेरच्या एक परीक्षक बाई आल्या होत्या. चेहरा थेट आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांसारखा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "प्रत्यक्ष निर्मिती किती?" मी शून्यरावांकडे बघितलं, ते छताकडे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शून्य." खोलीत कुणी हललं नाही, त्यामुळे पुन्हा अंधार. त्या अंधारात बाई हसल्या. अगदी मनापासून.

पुढे काय झालं म्हणता? स्विच आठवड्यात आला. काकांनी आणि मी अर्ध्या तासात केबल जोडली. मग पुन्हा उद्घाटन, पुन्हा फीत. माझ्या प्रबंधाचं नाव आता 'जोडणीपूर्व स्थितीचा मूलगामी अभ्यास' असं आहे. बाईंनी उत्तम शेरा दिला. शून्यराव हा विषय घेऊन पंधराव्या विमानात बसले. काकांचं नाव कुठेच नाही म्हणून मी भांडले, तेव्हा ते आभारांत घेतलं, 'इतर' या शब्दात.

मामींना नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमची भाची

ता.क. खऱ्या जोडणीबरोबर खरे मीटरही बसले. त्यात असं निघालं की दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी रोज नऊ ते पाच पंधराशे वॅट खातंय. समिती नेमली आहे. मामा, माझ्या टेबलाखाली पायाशी एक छोटा हीटर आहे. (आईला सांगू नका, तिला लिहिलंय की इथली हवा मला मानवते.) तर पंधराशे वॅट खाणारं, पण शास्त्रीय आणि निर्दोष दिसणारं एखादं यंत्र असतं का? शुक्रवारच्या आत कळवा.

ता.क. २. समितीची अध्यक्ष मीच आहे. माझ्या सचोटीवर सगळ्यांचा फार विश्वास बसला आहे.